धुऱ्यावरचं पाणी

२७ मे
नवतपा. दुपारी पारा ४५च्या वर. न्हाणीत आरशामागे झाडबेडूक येऊन बसला. पाय पोटाखाली, डोळे अर्धे मिटलेले, रंग थेट भिंतीचा. सासूबाई झाडू घेऊन आल्या. म्हटलं राहू द्या, पाऊस आला की जाईल.

२८ मे
रात्री बॅटरी मारून पाहिलं. अंग पुसत होता. आधी एक हात डोक्यावरून, डोळ्यांवरून. मग दुसरा. मग मागचा पाय उचलून पाठीवरून कमरेपर्यंत, पुन्हा दुसऱ्या बाजूने. सावकाश, एकही जागा न सोडता. या झाडबेडकाच्या त्वचेतून स्निग्ध स्राव सुटतो. तो असा अंगभर लावून घेतला की अंगातलं पाणी कमी उडतं. पुसून झालं, पाय परत पोटाखाली. मग हललाच नाही.

३० मे
दादाने नैरोबीहून फोटो पाठवला. लव्हाळ्याच्या पात्यावर अंगठ्याच्या पेराएवढा बेडूक. पाठीवर पिवळे-काळे पट्टे, बोटं लाल, मांडीची आतली बाजू लाल. रीड फ्रॉग. शास्त्रीय नाव हायपरोलियस. त्याच्या घराजवळच्या तळ्यावर रात्री शेकड्यांनी ओरडतात म्हणे.
खाली लिहिलंय, "आपल्याकडे सगळे मातकट. असं काही नाही."
उत्तर दिलं नाही. पाऊस येऊ दे.

२ जून
रीड फ्रॉगबद्दल वाचत बसले. सहाराच्या दक्षिणेला आफ्रिकाभर पसरलेत. एकाच जातीचे, पण या भागात पट्टे, त्या भागात ठिपके, तिसरीकडे कोरे. किती जाती मानायच्या यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पिल्लं असताना तपकिरी. मोठं होताना मादीला रंग चढतो. नरांपैकी काही पिल्लाच्याच रंगात राहतात.
खरी कमाल पुढे आहे. पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ भागात कोरड्या दिवसांत यांची पिल्लं जमिनीत शिरत नाहीत. वाळल्या काडीवर, उघड्या उन्हात बसून राहतात. पांढरी पडतात. त्वचेतल्या बारीक स्फटिकांचे थर ऊन परतवून लावतात. आठवडेच्या आठवडे पाणी नाही.
आमच्या न्हाणीतल्याला काडीऐवजी आरसा मिळालाय, एवढंच.
आपल्याकडचे मोठे बेडूक मात्र अजून दिसत नाहीत. नाल्याच्या काठची बिळं, काळ्या जमिनीतल्या भेगा, खाली कुठेतरी ओल असेल तिथे.

४ जून
कूलरच्या टाकीत आणखी एक झाडबेडूक. पाणी बदलताना हाताला गार लागला. बाहेर काढून तुळशीपाशी ठेवला. संध्याकाळी परत टाकीत.

७ जून
मृग लागला. आभाळ कोरं. मामाजींनी बियाण्याच्या थैल्या ओसरीवर आणून ठेवल्या. यांचा डोळा मोबाइलवरच्या अंदाजावर, मामाजींचा कान वावराकडे.

१० जून
संध्याकाळी धाम नदीवर गेले. पात्र आटलेलं. काळे खडक उघडे, मधे मधे डोह. बारीक बेडूक पाण्यावरून टप्पे घेत पलीकडे गेले, बुडाले नाहीत. हे बाराही महिने नदीतच असतात, यांना पावसाची वाट पाहावी लागत नाही. वर महाकाळीच्या धरणातून पाणी सोडलं की इथलं पात्र हलतं.
गांधीजींच्या अस्थी १९४८ साली इथे विसर्जित केल्या, त्या छत्रीपाशी बसले. वर विनोबांच्या आश्रमात प्रार्थनेची वेळ झालेली. विनोबा १९३८ साली इथे आले तेव्हा प्रकृती पार ढासळलेली होती. नदीकाठच्या बंगल्यात राहून, माती खणून सुधारले. खणताना वाकाटकांच्या काळातल्या मूर्ती निघाल्या. या मातीत काय काय निजलेलं असतं.
वारा पडलेला. उकाडा. नक्की येणार.

११ जून
आठला वावटळ. वीज गेली. मग धो धो. दीड तास नुसता पत्र्याचा आवाज.
अकराला पाऊस थांबला आणि सुरू झाले.
आधी एक. धुऱ्याच्या कोपऱ्याकडून. मग दुसरा, खालून. मग मोजता येईना. मामाजी खाटेवर उठून बसले. म्हणाले, "आलेत."
ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात १०३वं सूक्त बेडकांचंच आहे. त्यात त्यांचे आवाज वेगवेगळे सांगितलेत आणि रंगही. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. म्हणजे तेव्हाही कोणीतरी रात्री दिवा घेऊन पाण्याशी गेलं असणार.
झोप येणार नाही. पहाटे जाते.

१२ जून
साडेपाचला वावरात. आमच्या आणि शेजारच्या काकाजींच्या वावरामधला खोलगट कोपरा गुडघाभर भरलेला. पाणी चहाच्या रंगाचं. आणि त्यात पिवळे.
पिवळे म्हणजे किती पिवळे ते लिहून कळणार नाही. हळदीच्या कुंड्यात बुडवून काढल्यागत. वीतभर लांब, दांडगे. गळ्याच्या दोन बाजूंना दोन निळे फुगे. ओरडला की फुगे टरारतात, पाण्यावर गोल लाटा उठतात, गप्प झाला की आत. निळा इतका गडद की पिवळ्याशेजारी डोळ्याला टोचतो. माद्या मात्र नेहमीच्याच, शेवाळी-तपकिरी, पाठीवरून फिकी रेघ. काठाकाठाने येतात. आल्या की चार-पाच नर अंगावर. नर नराला धरतो, लाथ खातो, सोडतो. या गर्दीत नर कोण, मादी कोण हे दुरूनच कळावं म्हणून हा रंग, असं अभ्यासक मानतात. मला पटतं. जो चुकून दुसऱ्या पिवळ्यावर चढला तो लगेच उतरत होता.
त्वचेत रंगपेशींचे थर असतात. वर पिवळा, मधे प्रकाश परतवणारा, खाली काळा. काळा रंग पेशीत पसरला की बेडूक मातकट. तोच आकसून गोळा झाला की वरचा पिवळा उघडा पडतो. रंग कुठून आणावा लागत नाही, आतच असतो.
एक अगदी हाताच्या अंतरावर होता. डोळ्याभोवती सोनेरी कडं, कानाच्या पडद्याचा गोल स्पष्ट, अंगठ्याच्या मुळाशी काळी गादी. माझ्याकडे लक्षच नाही.
सातपर्यंत रस्त्यावर गाड्या थांबल्या. पोरं, मोटारसायकलवाले, एक कुटुंब तर नागपूरकडे जाता जाता उतरलं. सगळ्यांचे मोबाइल बाहेर. चौथीतला एक पोरगा पळत आला. "मॅडम, हे कोनतं बेंडूक व्हय? इषारी हाये का?" म्हटलं नाही रे, आपल्याच वावरातलं. रोजचं. आज असं दिसून राहिलं.
परत येताना नागपूर रोडवर पाहिलं. चाकाखाली आलेले. काही पिवळेच होते.
दादाला चार फोटो पाठवले. मजकूर काही नाही.

१३ जून
रंग उतरला. दुपारी फक्त एकाच्या पोटाकडे लिंबाच्या सालीचा पिवळेपणा उरलेला. संध्याकाळी तोही नाही. रस्त्यावर कोणी थांबलं नाही.
पाण्यावर अंड्यांचा पातळ पडदा. काळे ठिपके, हजारोंनी.

१४ जून
दादाचं उत्तर. "हा आपल्या वावरातला?" आणि मग लांबलचक मेसेज. लहानपणी बाबा त्याला दाखवायला घेऊन गेले होते, मी तेव्हा पाळण्यात. मला हे कधी सांगितलं नव्हतं त्याने.
अंडी फुटली. शेपट्या हलतात.

१५ जून
यांनी सोयाबीन पेरलं. मामाजी म्हणत होते, जमीन अजून पोटभर प्यायली नाही, ७५-१०० मिलिमीटर पडू द्या. हे म्हणाले, अंदाजात उद्या-परवा आहे. घरात अबोला.

१८ जून
ऊन.

१९ जून
ऊन. खोलगट कोपऱ्यातलं पाणी वीतभर खाली. काठावर भेगांची सुरुवात.
बसून पाहिलं तर दोन तऱ्हेची पिल्लं. एक त्या पिवळ्यांची, म्हणजे बुलफ्रॉगची, जाडजूड, तळाशी. तोंडाला चोच. दुसऱ्या पिल्लांना खातात, एकमेकांनाही, डासांच्या अळ्यांनाही. दुसरी बारीक तोंडाच्या बेडकांची, पाण्याच्या मधोमध लटकलेली, पारदर्शक. आतलं आतडं, ठोके, सगळं दिसतं. डोळे दोन बाजूंना. हातात पाणी घेतलं तर पिल्लू दिसत नाही, दोन डोळे तरंगताना दिसतात.

२१ जून
आर्द्रा लागल्या. आभाळात पांढरे ढग, नुसते.
बियाणं फुगून कुजायला लागलंय. हे सकाळपासून बोलत नाहीत.

२३ जून
विहिरीची मोटर तासभर चालवली. अर्धं पाणी कपाशीच्या ओळींना. मी विचारलं नाही, यांनी स्वतःच पाइप उरलेला वेळ कोपऱ्याकडे वळवला. शेजारच्या काकाजींनी पाहिलं. "बेंडकाईले पानी देऊन राहिले का बापा!" हे म्हणाले, "हो जी."

२४ जून
वाचलं ते टिपून ठेवते. या बुलफ्रॉगच्याच तंगड्या आपल्या देशातून वर्षानुवर्षं युरोप-अमेरिकेला जात होत्या. पहिल्या पावसात ओरडतात म्हणून सापडतात. दिव्याच्या उजेडात जागचे हलत नाहीत, पोतीच्या पोती भरायची. १९८५ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं आली, १ एप्रिल १९८७ पासून भारताने निर्यात बंद केली. ज्या पट्ट्यांत बेडूक उचलले तिथे पिकांवरची कीड वाढल्याच्या तक्रारी होत्या.
आणि अंदमानात उलटं. तिथे हा बाहेरून नेलेला. तिथल्या मूळच्या बेडकांच्या पिल्लांना याची पिल्लं खाऊन टाकतात. तिथे तो संकट, इथे गरजेचा.

२६ जून
पाणी घोट्याएवढं. पिल्लं एका जागी गोळा झाली, वळवळ. वंचक बगळा सकाळपासून काठावर. हाकलला नाही. त्याचंही पोट आहे. पण पाहवलं नाही, परत आले.

२८ जून
धोंडी निघाली. पोरांनी मुसळाला कडुलिंब बांधला, मधोमध बेडूक. दारोदार गाणं, प्रत्येक दारात तांब्याभर पाणी. सासूबाईंनी बेडकावर पाणी घातलं, पोरांना धान्य दिलं. बेडूक नव्हे, खडबडीत भेक होता, दोऱ्याने पोट आवळलेलं. पोरांना म्हटलं, गाव फिरून झालं की माझ्याकडे आणा, दोरा मी सोडते. आणला. हातात धरला तर गळ्याखाली धडधड. दोऱ्याचा वळ उमटला होता. माठाखालच्या ओलीत सोडला.
पोरांना पाऊस हवाय, माझ्याइतकाच. त्यांना रागवावंसं वाटलं नाही. पुढच्या वर्षी मातीचा बेडूक करून देईन, त्यावर पाणी घाला म्हणून.

१ जुलै
शाळा उघडली. पटावर सगळे, वर्गात निम्मे. विषय एकच. पाऊस.

२ जुलै
आला.

३ जुलै
रात्रभर. कोपरा भरला. पिल्लं पसरली. आता दिसत नाहीत तेच बरं.
न्हाणीतला गेला. आरशामागे नुसता डाग.

५ जुलै
दुबार पेरणी. या वेळी मामाजींनी सांगितलं तेव्हा.

६ जुलै
रस्त्याकडेला पांढरी गाडी. दोघंजण काकाजींच्या वावराकडे हात करून बोलत होते. गेले.

९ जुलै
काकाजींचं सोयाबीन पहिल्या पेऱ्याचंच तगलंय. तणही तगलंय. उद्या तणनाशक मारणार. पंप ओसरीत काढून ठेवलेला पाहिला. औषध पाण्यात जातं, धुऱ्यावरून पाणी कोपऱ्यात उतरतं. बेडकाची त्वचा पातळ. तो त्वचेतूनच पाणी घेतो, त्वचेतूनच श्वासही. पिल्लाचं तर सगळंच उघडं.
संध्याकाळी गेले. म्हटलं, "काकाजी, धुऱ्याकडची चार तासं सोडता का? तेवढं निंदण आम्ही करून देतो."
"काहून?"
सांगितलं. पिल्लांचे मागचे पाय फुटायच्या बेतात आहेत, अजून दहा-बारा दिवस.
बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मास्तरीण बाई, चार नाही, पाच सोडतो. पन गवत राहालं नाही पाहिजे."
आणि पंप मारताना तोंडाला फडकं बांधा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वाऱ्याकडे तोंड नको, हेही सांगून आले. २०१७ साली यवतमाळात फवारणी करता करता माणसं गेली. ते त्यांनाही आठवत होतं. मान हलवली.

१० जुलै
शाळेतून आल्यावर खुरपं. हे, मी, शेजारच्या दोघीजणी. पाच तासं. पाठ मोडली. पलीकडे काकाजींचा पंप, फडकं बांधलेलं.

११ जुलै
मागचे पाय.

१४ जुलै
हौदावर, पाण्याच्या हातभर वर, सिमेंटच्या भिंतीला पांढरा फेस चिकटलेला. मुठीएवढा. झाडबेडकाचं घरटं. मादी अंडी घालताना मागच्या पायांनी स्राव घुसळून फेस करते. वरून सुकतो, आत ओल राहते. पिल्लं आत वाढतात, मग फेस खालून मऊ होतो आणि ती टपाटप पाण्यात. सासूबाई घासून काढणार होत्या. बसवून दाखवलं. आता येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच दाखवतात.
न्हाणीतलाच असेल का? ओळखणार कसं.

१७ जुलै
आषाढी. उपास. मुलांना वर्गात पिल्लांची चित्रं काढायला लावली. एकाने पिल्लाला आधी पुढचे पाय काढले. दुसरी त्याला म्हणाली, मागचे आधी येतात, मी पाहून आली.

१८ जुलै
धोंड्या साप कोपऱ्यात. पाण्यातून सरळ गेला, तोंडात काहीतरी.

२० जुलै
निघाले. सकाळी धुऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही. नखाएवढे, हिरवट, पाठीवर फिकी रेघ, मागे शेपटीचा उरलेला खुंट. सोयाबीनच्या ओळींत शिरत होते. एकाने माझ्यासमोर तुडतुडा उचलला. अजून शेपटी गेली नाही, पण शिकार सुरू.
हजारो अंड्यांतून हे इतके. यातून पिवळे होईपर्यंत किती राहतील.
काकाजींना बोलावून आणलं. चप्पल काढून उभे राहिले, पाऊल कुठे ठेवायचं ते कळेना.

२१ जुलै
मुसळधार. नाला भरला. शाळेला सुट्टी.

२९ जुलै
दादाचा फोन. तिकडे आता थंडी. पावसाचे दिवस मार्च ते मेमध्ये होऊन गेले, तळ्यावर आवाज फार नाही. काचेवर काच हळूच आपटावी तसा आवाज असतो म्हणे एकेकाचा. शेकडो एकदम म्हणजे कसं वाटत असेल. रेकॉर्ड करून पाठव म्हटलं.

४ ऑगस्ट
काकाजींच्या वावरात टेप लावलेला. पांढऱ्या गाडीतलेच. काकाजी लांब बाभळीखाली बसलेले. बोलायला गेले नाही.

५ ऑगस्ट
हे म्हणाले, मुलाच्या शिक्षणाचं कर्ज आहे त्यांच्यावर. आणि रोडला लागून आहे वावर, भाव येतो. त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. मग मुलांना धामवर नेलं. पात्र भरून वाहतंय, खडक बुडाले. कोणीतरी विचारलं, पिवळे बेंडूक नदीत काहून नाही राहात? म्हटलं, नदीत मासे. मासे अंडी खातात. म्हणून त्यांना पावसाने नवीन साचलेलं पाणी लागतं, जिथे मासा अजून पोहोचला नाही. एकजण म्हणाली, म्हणजे डबकं बुजवलं की संपलं. वय वर्षं नऊ.

१९ ऑगस्ट
दादाने आवाज पाठवला. दोन मिनिटं. सासूबाईंनी तीनदा ऐकला. मामाजींना ऐकू येईना, मोबाइल कानाशी धरला. म्हणाले, "हे तं घुंगरं व्हय."

२ सप्टेंबर
पोळा. आमचे बैल गेले, काकाजींची जोडी आहे अजून. सजवून दाराशी आणली, ओवाळलं. जाताना थांबले. म्हणाले, ले-आउट पडते बाई. दिवाळीनंतर मुरूम टाकणार, सपाट करणार. "तुमच्या कोपऱ्याचं मी बोललो त्याईले. ते म्हने नकाशात जे हाये ते हाये."
बोलले होते ते. मी न सांगता.

४ सप्टेंबर
रात्री ओसरीवर सगळे. मामाजींच्या मते जुना धुरा पलीकडे होता, पुराने इकडे सरकला. तसं असेल तर अर्धा खोलगट कोपरा आपल्या गटात. यांच्या मते नाही. भांडण नाही, पण आवाज चढले.
उद्या शाळा सुटली की तलाठ्याकडे. सातबारा, नकाशाची नक्कल. मग मोजणीचा अर्ज, दिवाळीआधीची तारीख मिळाली पाहिजे.
हद्दीत निघाला तर ठीक. नाही निघाला तर आपल्या बाजूला, धुऱ्याला लागून, उताराच्या तोंडाशी खणायचं. तीन तासांचं सोयाबीन जाईल. हे म्हणाले जाऊ दे. शेततळं करा, अनुदान मिळतं, असं कोणी सुचवेल, पण तसलं नको. प्लास्टिक नको, उभ्या कडा नकोत, पिल्लाला चढून बाहेर येता आलं पाहिजे. खोली मांडीएवढीच. दरवर्षी उन्हाळ्यात आटलं पाहिजे. बारमाही पाणी झालं की कोणीतरी हौसेने मासे सोडणार.